दिल्ली ते टोकियो : अंतर एक, वेळा दोन

दिल्लीहून टोकियोला जाणाऱ्या विमानाचे वेळापत्रक प्रथमच हाती घेणाऱ्या मनुष्यास ते छापताना काही घोटाळा झाला आहे की काय, असा संशय यावा. रात्री आठ वाजता दिल्लीहून निघालेले विमान दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास टोकियोला उतरते. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने प्रवास अकरा तासांचा झाला. उलट, सकाळी अकरा वाजता टोकियो सोडलेले विमान संध्याकाळी पाचच्या सुमारास दिल्लीला येऊन पोचते. येथे घड्याळ सहाच तास दाखविते. जाताना अकरा आणि येताना सहा! वस्तुस्थिती मात्र नेमकी याच्या उलट आहे. जपानचे घड्याळ भारताच्या घड्याळापेक्षा साडेतीन तास पुढे असते. ते साडेतीन तास जाण्याच्या हिशेबातून वजा केले आणि येण्याच्या हिशेबात मिळविले म्हणजे खरा प्रकार ध्यानी येतो. जाण्यास लागतात साधारण साडेसात तास आणि येण्यास साडेनऊ. हिवाळ्यात तर परतीचा प्रवास कधी कधी दहा तासांपर्यंतही लांबतो.

घड्याळाचे कोडे सुटले, तरी त्यातून दुसरे आणि अधिक अवघड कोडे निघते. विमान तेच, त्याची यंत्रे तीच, दोन्ही शहरे आपापल्या जागी अचल. मग जाण्यायेण्यात दोन तासांचे अंतर पडावे कसे? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा पूर्वेकडे जाणाऱ्या विमानापासून टोकियो दूर पळत असणार, असा एक तर्क पुष्कळदा ऐकू येतो. तो खरा असता, तर जाण्यासच अधिक वेळ लागावयास हवा होता. पृथ्वीबरोबर तिच्यावरील वातावरणही फिरत असते आणि विमान त्या वातावरणातच तरंगत असते. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याचा असा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही. खरे उत्तर शोधावयाचे, तर आधी अंतर म्हणजे काय, येथपासूनच प्रारंभ केला पाहिजे.

भिंतीवरच्या नकाशावर दिल्ली आणि टोकियो यांना पट्टीने जोडले, तर ती रेषा दिल्लीपासून किंचित उत्तरेकडे झुकत पूर्वेस जाते. दिल्ली साडेअठ्ठावीस अक्षांशांवर आहे, टोकियो साडेपस्तीसवर. तेव्हा मधला मार्ग या दोहोंच्या दरम्यानच असणार, असे कोणालाही वाटेल. परंतु नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे. शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा, दिल्लीवर दोऱ्याचे एक टोक धरावे, दुसरे टोकियोवर धरून दोरा ताणावा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळचा मार्ग शोधून काढतो. तो दोरा हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावर चढतो, चीनच्या वायव्य भागातून शिआन शहराच्या उत्तरेस सरकतो, शांतुंग द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्याशी सदतिसाव्या अक्षांशापर्यंत पोचतो आणि तेथून पीतसमुद्र, कोरिया असा खाली उतरत जपान गाठतो. म्हणजे दोन्ही शहरांपेक्षा अधिक उत्तरेस गेल्यावाचून या दोन शहरांमधील जवळची वाट सापडत नाही! गोलावरील अशा मार्गास बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. त्या मार्गाने दिल्लीचा विमानतळ आणि टोकियोचा हानेदा विमानतळ यांतील अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर भरते. एकच दिशा धरून, म्हणजे होकायंत्राचा काटा न बदलता गेल्यास, ते सुमारे शंभर किलोमीटरांनी वाढते. टोकियोला नारिता हा दुसरा मोठा विमानतळ आहे. तो हानेदापासून साठएक किलोमीटर दूर असल्यामुळे 'टोकियोचे अंतर' म्हणताना कोणता विमानतळ अभिप्रेत आहे, हेही सांगावे लागते.

पुस्तकातून आणि तक्त्यांतून जे अंतर दिलेले असते ते हे, दोऱ्याचे अंतर होय. पण या दोऱ्यावरून विमान जात नाही.

त्याचे पहिले कारण हिमालय. आधुनिक जेट विमान दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून जाते आणि एव्हरेस्टचे शिखर पावणेनऊ किलोमीटरांच्या पलीकडे फारसे जात नाही. तेव्हा पर्वत आडवा येतो, याचा अर्थ विमान त्यावर आदळेल असा नव्हे. भय निराळे आहे. दहा किलोमीटर उंचीवरची हवा इतकी विरळ असते की तेथे मनुष्य अर्ध्याएक मिनिटातच शुद्धीवर असूनही निरुपयोगी होतो. त्याला आपले हात काय करीत आहेत हेही समजत नाही. म्हणून विमानात हवा दाबून भरलेली असते आणि आत बसलेल्या प्रवाशास सुमारे दोन-अडीच किलोमीटर उंचीवरील एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी असल्यासारखे वाटते. समजा, काही बिघाड होऊन हा दाब नाहीसा झाला. तत्क्षणी प्रवाशांसमोर प्राणवायूचे मुखवटे लोंबू लागतात. परंतु बहुतेक विमानांत या मुखवट्यांना पुरणारा प्राणवायू फार तर पंधरा-वीस मिनिटांचाच असतो. तेवढ्या अवधीत वैमानिकाने विमान तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावे, म्हणजे सर्वांना नेहमीसारखा श्वास घेता येईल, अशी ती योजना आहे. समुद्रावर किंवा गंगेच्या मैदानावर ती सहज पार पडते. तिबेटवर काय करणार? तेथली जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे आणि ती एक-दोन नव्हे, तर शेकडो किलोमीटर पसरलेली आहे. खाली उतरण्यास तेथे 'खाली'च नाही. दोन यंत्रांपैकी एक बंद पडले तरी हीच अडचण. कारण एका यंत्रावर विमान उडत राहते, पण पूर्वीची उंची त्याला राखता येत नाही. जादा प्राणवायूची आणि अधिक जोरकस यंत्रांची तरतूद असलेली विमाने ल्हासाला नित्य उतरतात, ही गोष्ट खरी. मात्र ती खास त्या कामासाठी सज्ज केलेली असतात आणि ठिकठिकाणी खोऱ्यांतून बाहेर पडण्याच्या वाटा आधीच आखून ठेवलेल्या असतात.

या पर्वतराजीने विमानविद्येकडून एकदा मोठी किंमत वसूल केलेली आहे. १९४२ साली जपानी सैन्याने ब्रह्मदेश जिंकला आणि चीनकडे जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला. तेव्हा आसामातील चबुआ, डिंजन यांसारख्या धावपट्ट्यांवरून चीनमधील कुनमिंगपर्यंत रसद विमानाने नेण्याचा उद्योग आरंभण्यात आला. पूर्व हिमालयाच्या त्या टोकाला वैमानिकांनी 'हंप', म्हणजे उंटाची मदार, असे नाव दिले होते. १९४५पर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल या वाटेने गेला; आणि पाचशेहून अधिक विमाने परतली नाहीत. त्यांतील कित्येकांचे अवशेष अरुणाचलच्या जंगलांत पुढे अनेक वर्षांनी सापडले. त्या काळची विमाने शिखरांवरून नव्हे, तर शिखरांच्या मधून वाट काढीत. वाऱ्याचे, बर्फाचे आणि ढगांचे ज्ञान तोकडे होते, आणि जे ज्ञान होते ते युद्धाच्या घाईत बाजूस ठेवावे लागे.

दुसरे कारण पर्वतापेक्षाही अधिक दुर्लंघ्य आहे. १९४४ साली शिकागो येथे भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा जो करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की, प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सत्ता आहे. आकाशास कुंपण नसते, हे कवींना ठाऊक असलेले सत्य विमानकंपन्यांच्या कामाचे नाही. कोणत्या देशात कोठून शिरावे, कोणत्या उंचीने जावे आणि कोठून बाहेर पडावे, हे ठरलेले असते आणि त्यासाठी शुल्कही द्यावे लागते. एअर इंडिया इंटरनॅशनलने १९५५ साली टोकियोची सेवा सुरू केली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, बँकॉक, हाँगकाँग आणि मग टोकियो असा वळसा होता. त्या वळशाला पंख्याच्या विमानांची मर्यादित मजल हे जसे कारण होते, तसेच चीनचे आकाश मोकळे नव्हते हेही होते. त्या वेळची सुपर कॉन्स्टेलेशन विमाने ताशी पाचशे किलोमीटरांच्या आसपास जात. १९६० साली बोईंग ७०७ आले आणि वेग जवळजवळ पाऊणदोन पटींनी वाढला. मार्ग मात्र एकाएकी सरळ झाला नाही. नकाशावरील रेषा परराष्ट्रखात्यांच्या संमतीनेच सरळ होतात. त्या पुन्हा वाकड्याही होतात. २०२२ साली युक्रेनमधील युद्धामुळे रशियाच्या आकाशातून जाणे थांबले, तेव्हा टोकियोहून युरोपला जाणाऱ्या जपानी विमानांना एक तर उत्तर ध्रुवाच्या बाजूने नाही तर मध्य आशियावरून वळसा घ्यावा लागला आणि काही तासांची भर पडली. टोकियो आणि लंडन मात्र होती तेथेच राहिली.

दिल्ली-टोकियो विमान या दोन्ही कारणांना मान देऊन आपली वाट आखते. ते हिमालयाला डाव्या हाताला ठेवीत गंगेच्या मैदानावरून पूर्वेस जाते. बंगाल, आसाम यांच्या बाजूने ब्रह्मदेशावर येते, कुनमिंगच्या आसपास चीनमध्ये शिरते आणि शांघायच्या सुमारास समुद्रावर निघून जपानकडे वळते. निरभ्र दिवशी डावीकडच्या खिडकीतून हिमशिखरांची रांग तासभर सोबत करते, हा या वळशाचा एक अनपेक्षित लाभच म्हणावयाचा. अशा रीतीने ५,८५० किलोमीटरांचे सव्वासहा ते साडेसहा हजार होतात. हा आकडाही रोज एक नसतो. वारा, वादळे आणि गर्दी पाहून मार्ग थोडा इकडेतिकडे होतो.

आता वाऱ्याकडे वळावयास हरकत नाही. दोन तासांच्या कोड्याचे उत्तर तेथेच आहे आणि तो शोध टोकियोपासून फार दूर नसलेल्या एका गावी लागला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. टोकियोच्या ईशान्येस तातेनो येथे उच्च वातावरणाचा अभ्यास करणारी एक वेधशाळा १९२०च्या सुमारास स्थापन झाली. तिचे प्रमुख वासाबुरो ओइशी हे होते. लहान फुगे आकाशात सोडावयाचे, दुर्बिणीसारख्या यंत्राने त्यांचा माग घ्यावयाचा आणि कोणत्या उंचीवर वारा किती जोराने वाहतो ते टिपावयाचे, असे त्यांचे काम चाले. हिवाळ्यात त्यांच्या ध्यानी आले की, आठ-नऊ किलोमीटर उंचीवर पोचलेला फुगा पूर्वेकडे इतक्या वेगाने पळतो की क्षणभर वेधात चूक झाली असे वाटावे. १९२४च्या डिसेंबरात त्यांनी टिपलेला एक वेग ताशी अडीचशे किलोमीटरांच्या वर होता. जमिनीवर असा वारा सुटला, तर घरांची छपरेच काय, भिंतीही राहावयाच्या नाहीत. जगातील शास्त्रज्ञांना हे कळावे, या सद्हेतूने ओइशी यांनी आपला अहवाल १९२६ साली एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केला. एस्पेरांतो ही सर्व जगाची भाषा व्हावी म्हणून रचलेली भाषा. ती सर्व जगाची झाली नाही आणि अहवालाकडेही फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

लक्ष गेले ते अठरा वर्षांनी आणि बॉम्बवर्षावाच्या निमित्ताने. १९४४च्या नोव्हेंबरात अमेरिकेची बी-२९ विमाने टोकियोवर आली. वाऱ्याला पाठ देऊन ती शहरावर पोचली, तेव्हा जमिनीच्या अपेक्षेने त्यांचा वेग ताशी सातशे किलोमीटरांवर गेला आणि नेम धरणे अशक्य झाले. वाऱ्याला तोंड देऊन यावे, तर विमान जवळजवळ लोंबकळत राही. जपानला या वाऱ्याची माहिती आधीपासून होती आणि तिचा उपयोग त्याने अशाच एका क्रूर कामासाठी केला. कागदाचे मोठाले फुगे करून, त्यांना बॉम्ब बांधून ते या प्रवाहात सोडण्यात आले. नऊ हजारांहून अधिक फुगे सुटले. काही शेकडा पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेत पडले आणि १९४५च्या मे महिन्यात ऑरेगॉनच्या रानात सहलीला गेलेली एक स्त्री आणि पाच मुले अशा एका बॉम्बला बळी पडली. ज्या वाऱ्यावर आज प्रवासी चहा पीत अर्धा-पाऊण तास लवकर घरी पोचतात, त्याच्या ज्ञानाचा इतिहास असा आहे.

या प्रवाहास पुढे 'जेट स्ट्रीम' हे नाव रूढ झाले. विषुववृत्ताकडील हवा उष्ण आणि ध्रुवाकडील थंड, या तफावतीतून तो उत्पन्न होतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे तो पूर्वेकडे वळतो. हजारो किलोमीटर लांब, काहीशे किलोमीटर रुंद आणि जाडीने जेमतेम दोन-चार किलोमीटर अशी ती हवेची नदी आहे. हिवाळ्यात तिबेटचे पठार तिच्या वाटेत एखाद्या बेटासारखे येते आणि ती दुभंगते. एक शाखा पठाराच्या उत्तरेने जाते, दुसरी हिमालयाच्या दक्षिणेने उत्तर भारतावरून वाहते. पुढे पूर्व चीन आणि जपान यांच्यावर दोन्ही शाखांचा संगम होतो. त्यातच सैबेरियाची कडक थंडी आणि पॅसिफिकचे उबदार पाणी यांची जवळीक होते. म्हणून जपानवरील वारे जगातील अत्यंत वेगवान वाऱ्यांत मोडतात. दिल्लीहून निघालेले विमान जवळजवळ सारी वाट या नदीच्या ओघाबरोबर जाते आणि परतताना सारी वाट तिच्याशी झगडत येते.

हिशेब करून पाहावा. सोयीसाठी मार्ग ६,३०० किलोमीटरांचा, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी जोर ताशी १५० किलोमीटर धरू. वारा नसता, तर जाण्यास सात तास, येण्यास सात तास, एकूण चौदा. वारा पाठीशी असता विमान जमिनीच्या अपेक्षेने ताशी १,०५० किलोमीटर जाईल आणि सहा तासांत पोचेल. येताना वेग ७५० राहील आणि आठ तास चोवीस मिनिटे लागतील. बेरीज चौदा तास चोवीस मिनिटे! जाताना वाऱ्याने जे दिले, ते त्याने येताना व्याजासह वसूल केले. कारण उघड आहे. अनुकूल वाऱ्यात विमान थोडाच वेळ राहते आणि प्रतिकूल वाऱ्यात अधिक वेळ. व्यापाऱ्याला हे पटकन उमगेल. वीस टक्के वाढवून मग वीस टक्के कमी केलेला भाव मूळ भावाला परत येत नाही, तोच हा प्रकार.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते आणि ती जिवाशी निगडित आहे. समजा, टोकियोकडे जाताना विमानात एखाद्या प्रवाशाची प्रकृती एकाएकी बिघडली आणि मधले विमानतळ काही कारणाने उपलब्ध नाहीत. पुढे जावे की मागे फिरावे? निम्मे अंतर, म्हणजे ३,१५० किलोमीटर झाले असतील, तर दोन्ही शहरे सारखीच दूर आहेत, असे नकाशा सांगतो. परंतु तेथून पुढे जाण्यास तीन तास लागतील आणि मागे फिरण्यास चार तास बारा मिनिटे. वेळेच्या दृष्टीने मध्यबिंदू तेथे नसून दिल्लीपासून २,६२५ किलोमीटरांवर आहे. तो ओलांडला की टोकियोच जवळचे. वाटेतील विमानतळांच्या प्रत्येक जोडीसाठी असा समान वेळेचा बिंदू उड्डाणापूर्वीच काढून वैमानिकाच्या कागदावर नोंदलेला असतो, कारण आणीबाणीच्या क्षणी त्रैराशिक मांडण्यास सवड नसते. इंधनाचेही तसेच. प्रवासाला लागणारे, अंदाज चुकला तर म्हणून त्यावर काही भाग जादा, उतरावयाचा विमानतळ बंद असला तर दुसऱ्यापर्यंत पोचण्याइतके आणि त्यानंतरही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके, असे मोजून ते भरले जाते. वारा अपेक्षेपेक्षा जोराचा निघाला, तर परतीच्या वाटेवर हीच शिल्लक कामास येते. मात्र इंधन वाहून नेण्यासही इंधनच लागते. म्हणून भीतीपोटी टाक्या काठोकाठ भरण्यात शहाणपण नाही.

तिकिटावरचा वेळ आणि हवेतील वेळ यांतही भेद आहे. वेळापत्रकात जो काळ असतो, तो विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा. दिल्लीसारख्या विस्तीर्ण विमानतळावर धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि रांगेत थांबण्यातच वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. प्रत्यक्ष आकाशातील प्रवास त्या मानाने लहान असतो. कंपन्याही थोडा हात राखून वेळ लिहितात, त्यामुळे 'विमान वेळेआधी पोचत आहे' ही सुखद घोषणा वाटते तितकी दुर्मिळ नसते.

आणि हा वारा बारमाही सारखा नसतो. उन्हाळा सरू लागला की हिमालयाच्या दक्षिणेकडील शाखा क्षीण होते आणि जूनच्या सुमारास ती पठाराच्या उत्तरेस निघून जाते. भारतात मोसमी पाऊस स्थिरावण्याशी या स्थलांतराचा निकटचा संबंध आहे. तिच्या जागी दक्षिण भारतावर पंधराएक किलोमीटर उंचीवर नेमका उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा प्रवाह सुरू होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात त्याचे स्वरूप विशद केले. कोकणात नांगर धरणारा शेतकरी आणि टोकियोहून परतणारा प्रवासी या दोघांचे वेळापत्रक एकाच उंच वाऱ्याने बदलते, ही कल्पना दोघांनाही नवलाची वाटेल. पावसाळ्यात जपानवरील ओघही मंदावतो आणि जाण्यायेण्यातील तफावत कमी होते. विमानकंपन्या वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आपले वेळापत्रक पालटतात. ऑक्टोबरात निघणाऱ्या नव्या पत्रकात टोकियोहून दिल्लीला येणाऱ्या विमानापुढे उन्हाळ्यापेक्षा जास्त मिनिटे लिहिलेली आढळतात. अंतराच्या रकान्यातील आकडा मात्र तोच असतो.